झाडाखालची महापालिका

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या रस्त्यावरचा पदपथ घ्या. गिरगाव, दादर, पार्ले, कुठलाही चालेल. रुंदी फार तर सहा-सात फूट. त्यावर एक थोराड पर्जन्यवृक्ष, त्याच्या सावलीत वडापावची गाडी, मागे औषधांचे दुकान, दुकानाच्या कपाळावर पाटी, पाटीच्या वर पावसाळ्यापुरती बांधलेली ताडपत्री आणि पायाखाली डगमगणारे पेव्हर ब्लॉक. आपण वाट काढत पुढे जातो. पण एवढ्याशा तुकड्यातली प्रत्येक वस्तू महापालिकेच्या कुठल्या ना कुठल्या फायलीत नांदत असते. झाड उद्यान विभागाकडे, गाडी अनुज्ञापन विभागाकडे, दुकान दुकाने व आस्थापना विभागाकडे, पेव्हर ब्लॉक परिरक्षण विभागाकडे. जमिनीखाली गेलात की जलअभियंता खाते, मलनिःसारण खाते आणि पर्जन्य जलवाहिन्यांचे खाते एकमेकांना खेटून बसलेले. शिवाय वीज, गॅस आणि इंटरनेटवाल्या कंपन्या, ज्या दर थोड्या दिवसांनी परवानगी काढून चर खणतात.

ह्या फायली वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या कपाटांत राहतात. त्यांची खरी गाठ पडते ती झाडाच्या मुळांपाशी.

आधी ह्या राज्याची घटना समजून घेऊ. मुंबई महापालिका ज्या कायद्यावर चालते तो १८८८ चा आहे. असंख्य दुरुस्त्या झाल्या, पण कायदा तोच. तो झाला तेव्हा मुंबईच्या रस्त्यावर मोटार नव्हती आणि ट्राम घोडे ओढत होते. बोरीबंदरासमोरची पालिकेची भव्य इमारतही तेव्हा पुरी व्हायची होती. स्टेशन बांधणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्सनेच तिचा आराखडा केला आणि १८९३ मध्ये ती उभी राहिली. एकमेकींकडे टक लावून पाहणाऱ्या ह्या दोन इमारतींपैकी एकीत शहर येते-जाते आणि दुसरीत ते कसे चालायचे हे ठरते.

कायद्याच्या मागे एक भांडण आहे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. मनुष्य धडाडीचा होता. मंडई, रस्ते, गटारे, सगळे एकदम हाती घेतले आणि पैसा पाण्यासारखा खर्च केला. १८७१ पर्यंत करदाते इतके खवळले की एकट्या अधिकाऱ्याच्या हाती कारभार देणे हीच चूक, अशी ओरड सुरू झाली. तेव्हा विशीतल्या फिरोजशहा मेहतांनी वेगळेच म्हणणे मांडले. काम करणारा हात एकच असू द्या, पण त्या हाताला हिशेब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली हवी. १८७२ च्या कायद्याने निम्मे सभासद करदात्यांच्या मतांवर निवडले जाऊ लागले आणि १८८८ च्या कायद्याने ही चौकट पक्की झाली. आजही तीच आहे. काम आयुक्त करतात, ते राज्य सरकारने नेमलेले असतात. तिजोरीची किल्ली नगरसेवकांच्या सभेकडे आणि स्थायी समितीकडे असते. महापौरांकडे मान फार, कारभार थोडा. परदेशी पाहुण्यांना हे समजावताना आपली दमछाक होते ती ह्याचमुळे.

हिशेब विचारणे म्हणजे काय, ह्याचा महाराष्ट्रातला सर्वांत सुंदर दाखला पुण्यात आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. विरोधात मत पडले ते एकट्या फुल्यांचे. पुढे १८८६ मध्ये पुण्यात गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावाची मंडई उभी राहिली आणि नंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. भाजी घ्यायला जाणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक असेल की आपण एका नगरसेवकाच्या नावाच्या इमारतीत शिरतो आहोत?

पुन्हा पदपथावर येऊ. औषधाच्या दुकानापासून सुरुवात करू, कारण दुकान उघडणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही आणि सांगतात तितकी अवघडही राहिलेली नाही. मुंबईत ज्याला सगळे ‘गुमास्ता’ म्हणतात ती नोंदणी २०१७ च्या नव्या कायद्याने बरीच हलकी केली. मुळात त्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना पुरे होती, दहा किंवा अधिक असतील तर नोंदणी लागे. पण गुमास्ता म्हणजे दुकान चालवायचा परवाना नव्हे. तो कामगारांच्या तासांचा आणि सुट्ट्यांचा मामला. परवाना लागतो तो १८८८ च्या कायद्याच्या ३९४ व्या कलमाखाली, आणि तोही सगळ्यांना नाही. जिथे आग, दुर्गंधी, रोगराई किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होण्याची भीती आहे, अशाच वस्तूंच्या साठ्याला आणि अशाच धंद्यांना. कायद्याच्या शेवटी त्यांची यादी जोडलेली आहे. ती वाचताना एकोणिसाव्या शतकातली मुंबई नाकाशी येते. खाणावळ किंवा उपाहारगृह काढायचे तर आरोग्य खाते आणि अग्निशमन दल दोघांचीही पायरी चढावी लागते. पाटी देवनागरीत हवी, अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम २०२२ पासून लहानमोठ्या सर्व दुकानांना लागू आहे. ताडपत्रीचे छप्पर पावसाळ्यापुरतेच, तेही परवानगीने. गणपतीत त्याच रस्त्यावर मंडप उभा राहणार असेल तर पालिका, वाहतूक पोलीस, स्थानिक पोलीस आणि अग्निशमन दल अशा चौघांचा होकार लागतो. मंडपासाठी रस्त्याला भोक पाडले तर दंड वेगळा. २०२५ मध्ये पालिकेने हा दंड एका खड्ड्यामागे २ हजारांवरून १५ हजार रुपये केला, मंडळांनी आकांत केला आणि तो पुन्हा २ हजारांवर आला. हा निर्णय कुठल्या अभियंत्याने बदलला असेल असे मला वाटत नाही.

वडापावची गाडी हे प्रकरण सर्वांत नाजूक. जुन्या कायद्याचे ३१४ वे कलम विनापरवाना विक्रीची वस्तू रस्त्यावरून नोटीस न देता उचलण्याचा अधिकार आयुक्तांना देते. नवे परवाने देणे पालिकेने कित्येक दशकांपूर्वी थांबवले, म्हणजे बहुतेक गाड्या कायमच्या ‘विनापरवाना’. २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला आणि बाजू उलटली. आधी सर्वेक्षण करा, तोवर कुणाला उठवू नका, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडलेले असू द्या, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. मुंबईत त्या वर्षीच्या सर्वेक्षणात सुमारे एक लाख अर्ज आले. विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसाठी मतदान व्हायला मात्र २०२४ उजाडले. दहा वर्षे गाडीवाला एका कायद्याने पाहुणा आणि दुसऱ्याने अतिक्रमण राहिला. दोन्ही कायदे एकाच वेळी खरे असतात, हे शहर समजून घ्यायचे तर आधी पचवावे लागते.

त्या गाडीवर सावली धरणारा पर्जन्यवृक्ष मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. संध्याकाळी आणि ढग दाटले की तो पाने मिटतो. मिटलेल्या पानांमधून पावसाचे थेंब न अडखळता थेट जमिनीवर पोचतात, म्हणून त्याच्या छत्रीखालची माती इतर झाडांखालच्या मातीपेक्षा जास्त भिजते. रस्त्याच्या कडेला लावायला ह्याहून देखणे झाड शोधून सापडायचे नाही: झपाट्याने वाढते आणि दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या मध्यावर भेटून कमान होते. गुलमोहर मादागास्करचा, तोही त्याच कारणाने आला. सावलीची घाई होती. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, बुंध्याचा घेर. माणसांची जनगणना दर दहा वर्षांनी व्हायची ती लांबते, झाडांची दर पाच वर्षांनी करावी असे कायदाच सांगतो.

आता मुळांकडे. शाळेत फळ्यावर झाड काढताना आपण वर जेवढी पसरट फांद्यांची छत्री तेवढीच खाली खोल मुळांची छत्री काढतो. ते चित्र चुकीचे आहे. रस्त्याकडेच्या झाडाची बहुतांश मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीत आडवी पसरलेली असतात, आणि पसरतात ती फांद्यांच्या सावलीच्याही पुष्कळ पलीकडे. कारण साधे आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि हवा वरच्या मातीतच असते. खोल, दडपलेल्या मातीत मुळे गुदमरतात. म्हणजे झाड जमिनीत रुतलेल्या खांबासारखे नसते. ते एका प्रचंड पसरट बैठकीवर तोल सांभाळून उभे असते.

आणि नेमक्या त्याच दोन-तीन फुटांत शहराने आपल्या वाहिन्या पुरल्या आहेत. विजेची केबल, गॅसची नळी, घरोघरी जाणारी पाण्याची जोडणी, इंटरनेटची तार. झाडानेही हीच खोली निवडली, अभियंत्यानेही हीच. दोघांची कारणे वेगळी, पण दोन्ही शहाणपणाची. केबल फार खोल पुरली तर दुरुस्ती महाग, फार वर ठेवली तर कुणाची तरी पहार तिला लागणार.

मग चर खणला जातो. झाडापासून हातभर अंतरावरून, रस्त्याला समांतर, सरळ रेषेत. त्या रेषेत आलेली मुळे तुटतात, चर बुजवला जातो, वर ब्लॉक बसतात, काम पूर्ण झाल्याची नोंद होते. झाड उभेच असते. पुढच्या पावसाळ्यातही ते उभे असते. साठवलेल्या अन्नावर ते एक-दोन वर्षे हिरवेगार दिसते, कदाचित जास्तही. इकडे तुटलेल्या टोकांमधून बुरशी आत शिरते, आधार देणारी मुळे पोखरत जाते. आणि मग एखाद्या जुलैत, सलग चार दिवस पाऊस पडून माती भिजून सैल झालेली असताना, समुद्रावरून एक झोत येतो आणि झाड मुळासकट आडवे होते. दुसऱ्या दिवशी बातमी येते: ‘सोसाट्याच्या वाऱ्याने झाड कोसळले’. वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईत ताशी १०० किलोमीटरपेक्षा वेगाने वारे वाहिले आणि दोन हजारांहून अधिक झाडे पडली. ह्या पडझडीत वाऱ्याचा वाटा किती आणि चरांचा किती, हे तुटलेली मुळे पाहून बरेचसे सांगता येते. पण पडलेले झाड आधी रस्त्यातून हटवायचे असते. पुरावा करवतीने कापून ट्रकमध्ये जातो.

सिमेंटचे रस्ते ह्याच गोष्टीचा पुढचा अध्याय. मुंबईत सुमारे दोन हजार किलोमीटर रस्ते आहेत आणि ते सगळे काँक्रीटचे करायचे काम चालू आहे. खड्ड्यांना कंटाळलेल्या माणसाला हे पटते, मलाही पटते. डांबर आणि पाणी ह्यांचे वैर जुने आहे. पण काँक्रीटच्या रस्त्यासाठी खोदाई खोल करावी लागते आणि वर ओतलेला थर मातीचे तोंड बंद करतो. बुंध्यापर्यंत सिमेंट लिंपले की मुळांना ना हवा, ना पाणी. म्हणून बुंध्याभोवती मोकळी माती सोडा, मुळांपाशी यंत्र न चालवता हाताने खणा, असे पालिकेचे नियम आहेत. ते मोडले म्हणून पालिकेच्या उद्यान विभागाने पालिकेच्याच रस्त्यांच्या कंत्राटदारांना नोटिसा धाडल्याचे अलीकडे घडले. डाव्या हाताने उजव्या हाताला पावती फाडावी तसा हा प्रकार. मला तो हास्यास्पद वाटत नाही. उलट, एकाच संस्थेच्या पोटात झाडाची बाजू घेणारे कुणीतरी पगारावर बसलेले आहे, हे मला मोठे नवल वाटते.

पावसाचे पाणीही इथेच येते. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस पोटात घेईल, तेही समुद्राला ओहोटी असताना, अशा हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर तासाला ५० मिलिमीटरचे लक्ष्य ठेवून वाहिन्या रुंद झाल्या आणि हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे आली. ह्या सगळ्या कोट्यवधींच्या खटाटोपात मातीने आपण होऊन पिऊन टाकलेल्या पाण्याची नोंद कुठल्याच खात्याच्या जमाखर्चात नसते. झाडाभोवतीची चार फूट मोकळी माती ही देखील पर्जन्य जलव्यवस्था आहे, फक्त तिची निविदा निघत नाही.

झाड तोडायचे असेल तर? इथे कायदा खरोखर अद्भुत होतो. महाराष्ट्रात शहरी भागांतल्या झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण हवे, वृक्ष अधिकारी हवा. परवानगीशिवाय आपल्याच अंगणातला आंबाही तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष ठरवले. आणि एक विलक्षण अट घातली: जितक्या वर्षांचे झाड तोडाल तितकी रोपे लावा. साठ वर्षांचा वृक्ष गेला तर साठ रोपे, आणि ती नुसती लावून चालणार नाही, सात वर्षे जगवा. वय कसे कळणार? बुंध्याच्या घेरावरून, त्या जातीच्या वाढीचा वेग धरून. कायद्याने काळाला संख्येत बदलले. एरवी कायदा झाडाची किंमत लाकडावरून करतो, इथे ती जगलेल्या वर्षांवरून झाली. हिशेबाची ही कल्पना ज्याच्या डोक्यात प्रथम आली त्याला माझा नमस्कार.

अडचण एवढीच की साठ रोपे लावायला साठ जागा लागतात, आणि त्या त्याच पदपथावर नसतात. रोपे कुठेतरी उपनगराच्या कडेला जातात, सावली मात्र वडापावच्या गाडीवरून जाते.

दुसरी मौज अध्यक्षपदाची. वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात महापालिका आयुक्त. रस्ता रुंद करायला, नाला वळवायला, पूल बांधायला झाडे तोडण्याचे प्रस्ताव बहुतेक वेळा येतात ते पालिकेच्याच खात्यांकडून, म्हणजे आयुक्तांच्याच हाताखालून. अर्जदाराचा साहेब आणि परवानगी देणाऱ्यांचा अध्यक्ष एकच. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबली, तेव्हा ही मौज कळसाला गेली. आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्तांनी प्रस्ताव मांडायचा, प्रशासकांनी स्थायी समितीच्या वतीने तो मंजूर करायचा, आणि दोघे एकाच खुर्चीत. पावणेचार वर्षांहून अधिक काळ देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका अशी चालली. २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प होता ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा. शेजारच्या गोवा राज्याचा त्याच वर्षीचा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या आसपास होता. फिरोजशहांनी ज्या हिशेब विचारणाऱ्या सभेसाठी आग्रह धरला ती सभा नसताना एवढा पैसा खर्च झाला. जानेवारी २०२६ मध्ये अखेर २२७ नगरसेवकांसाठी मतदान झाले.

नगरसेवक असले म्हणजे सगळे सुरळीत होते, असा माझा दावा नाही. झाडांवर खिळे ठोकून आपापल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लावण्यात आपले लोकप्रतिनिधी कुणाला हार जाणारे नाहीत. ते खिळे उपसून काढण्याची मोहीम पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ नावाच्या तरुणांच्या संस्थेला करावी लागली. पण सभा भरली की फायली एका टेबलावर येतात. हरकतीचा मुद्दा निघतो. ‘ह्या रस्त्याचे काम तीन महिन्यांपूर्वीच झाले होते, पुन्हा का खणला?’ असे कुणीतरी ओरडून विचारते. हा आरडाओरडा हीच एरवी न भेटणाऱ्या खात्यांची एकमेव जाहीर भेट असते.

दुसरी एक भेट कागदावर होते, आणि तिच्यात तुम्हाला बसता येते. झाड तोडायचा प्रस्ताव आला की त्या झाडावर नोटीस चिकटवावी लागते आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नोटिशीचा कागद साधा असतो, बहुधा बुंध्यावर छातीच्या उंचीला लावलेला, पहिल्या पावसात लोळागोळा होणारा. तिच्यात झाडाची जात, कारण आणि हरकतीची मुदत लिहिलेली असते. आपल्या रस्त्यावर तशी नोटीस दिसली तर थांबा, ती पूर्ण वाचा, फोटो काढा आणि दोन ओळींची का होईना, हरकत मुदतीत वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी द्या. आणि बुंध्याला खेटून कुणी चर खणताना दिसले तर मुंबईत पालिकेचा दूरध्वनी १९१६ आहे. तक्रार करा, तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, जपून ठेवा.